जागेवर बसून लागणारी ‘गाडी’

सिंदी मेघे काय आणि वर्धा शहर काय, इथल्या कोणत्याही घरात ‘गाडी लागणे’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. लग्नाच्या वऱ्हाडात किंवा शाळेच्या सहलीत एक तरी जण खिडकीची जागा मागून घेतो, लिंबू हुंगत बसतो आणि शेजारचा प्लॅस्टिकची पिशवी हाताशी ठेवतो. गाडी हलते, माणूस हलतो, पोट ढवळते. यात कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटते ते गाडी कुठेच न जाता ती लागते तेव्हा.

असे घडण्याचे हमखास ठिकाण म्हणजे सिनेमावर बेतलेली राइड. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका या थीम पार्कमध्ये ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरची एक राइड आहे. शेखर कपूर यांचा हा चित्रपट २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झाला. त्यातला अमरीश पुरींचा मोगँबो आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीने बालपणी पाहिलेला, आणि त्यांच्या मुलांनी टीव्हीवर पाहिलेला. राइडमध्ये माणसे आसनावर बसतात, समोर भलामोठा पडदा असतो आणि आसने पडद्यावरच्या दृश्याबरोबर हलतात. आपण उडतो आहोत, वळतो आहोत, कोसळतो आहोत असे वाटत राहते. प्रत्यक्षात अशा यंत्रावरची आसने आपल्या जागेपासून काही फुटांच्या पलीकडे जात नाहीत.

योगायोग असा, की या प्रकारातली एक गाजलेली राइडही १९८७ चीच. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर आधारलेली ‘स्टार टूर्स’ ही राइड सुरू झाली. तिच्या तळाशी असलेले यंत्र खेळण्यासाठी मुळात तयारच झाले नव्हते. वैमानिकांना जमिनीवर बसून विमान चालवण्याचा सराव देणारी जी सिम्युलेटर यंत्रे असतात, त्यांचेच ते भावंड. रेडिफ्यूजन या ब्रिटिश कंपनीने ते पुरवले होते. सिनेमावाल्यांनी त्यावर आपली गोष्ट चढवली.

थीम पार्कवाल्यांना सिनेमा का हवा असतो, हे ओळखायला फार डोके लागत नाही. खलनायक कोण, नायक कोण, कोणाला वाचवायचे आहे, हे प्रेक्षक घरूनच शिकून आलेला असतो. चार-पाच मिनिटांच्या राइडमध्ये ओळखपाळख करून देण्यात वेळ जात नाही. शिवाय पोलादी रोलर कोस्टर एकदा उभारला की त्याचे वळण तेच राहते. पडद्यावरची फिल्म मात्र बदलता येते. ‘स्टार टूर्स’ २०११ मध्ये अशीच नव्या चित्रणासह पुन्हा सुरू झाली.

आता त्या ढवळणाऱ्या पोटाकडे. त्याचा उगम पोटात नसून कानात आहे.

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळते की मान फिरली. त्यांच्या शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियमचे अगदी बारीक कण एका चिकट थरावर बसवलेले असतात. एसटी स्टँडवरून झटक्याने निघाली की आपण पाठीवर रेलतो. त्याच क्षणी हे कणही मागे सरकतात आणि मेंदूला ‘वेग वाढला’ असा निरोप मिळतो.

सिम्युलेटर बनवणाऱ्याने नेमकी याच पिशव्यांची एक उणीव हेरली आहे. माणूस मागे झुकला तरीही ते कण मागेच सरकतात, कारण गुरुत्वाकर्षण त्यांना ओढते. म्हणजे ‘मी मागे कललो’ आणि ‘माझी गाडी वेगाने पुढे निघाली’ हे दोन्ही निरोप पिशव्यांच्या भाषेत सारखेच. एरवी डोळे आणि नलिका मिळून मेंदूला खरे काय ते सांगतात. सिम्युलेटरमध्ये आसन इतक्या हळू मागे झुकवतात की नलिकांना ते वळण जाणवतच नाही. डोळ्यांसमोर मात्र पडद्यावर सगळे भन्नाट वेगाने मागे पळत असते. मेंदू दोन्ही जोडतो आणि ठरवतो, की आपण सुसाट निघालो आहोत. या क्षणी राइडमधल्या माणसाच्या पाठीवर जो दाब जाणवतो तो इंजिनाचा नाही. तो त्याच्याच वजनाचा असतो.

जोवर ही जोडणी जमते तोवर मजा. पण पडदा सांगतो एक पूर्ण गिरकी आणि आसन देते फक्त एक हिसका, तेव्हा डोळे आणि कान यांच्या साक्षी जुळेनाशा होतात. पडद्यावरचे चित्र हालचालीच्या किंचित मागे राहिले तरी तेच. गाडी लागण्यामागे हा विसंवाद असतो, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. एसटीत हा विसंवाद उलटा असतो, इतकेच. तिथे पुस्तकात डोके घातलेल्या मुलाचे डोळे म्हणतात ‘सगळे स्थिर आहे’ आणि कान म्हणतात ‘आपण हलतो आहोत’. गिरडच्या यात्रेतल्या उंच झुल्यात पोटात गोळा येतो, पण तिथे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगत असतात. म्हणून झुल्याला न घाबरणारा मुलगा सिनेमाच्या राइडमधून पांढराफटक होऊन बाहेर येऊ शकतो. मित्र मग त्याला भित्रा ठरवून मोकळे होतात, आणि ते साफ चुकीचे असते.

उलट त्याचा कान शाबूत असल्याची ती खूण आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये कर्णबधिर व्यक्तींना गरगर फिरवून पाहिल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांना भोवळ आलीच नाही. ज्यांच्या आतल्या कानाचे तोल सांभाळणारे काम पूर्ण बंद पडलेले असते, त्यांना बोटही लागत नाही आणि बसही लागत नाही.

सिम्युलेटरचा त्रास पहिल्यांदा नोंदला गेला तोही वैमानिकांमध्येच. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरबद्दलचा अहवाल आला तेव्हा एक गंमत दिसली. नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांना मळमळ जास्त होत होती. कारण सरळ आहे. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये कोणत्या वळणाला शरीराला काय जाणवायला हवे, हे त्यांच्या मेंदूत पक्के बसले होते. खोट्या यंत्रात ते मिळाले नाही की तक्रार सुरू. नवशिक्याच्या मेंदूकडे तुलना करायला काही नव्हतेच.

कोणाला हा त्रास अधिक, याबद्दल बरीच माहिती आहे. दोन वर्षांखालील बाळांना सहसा काही होत नाही. सहा-सात वर्षांपासून त्रास वाढतो आणि नऊ-दहाच्या सुमारास सर्वात जास्त असतो. म्हणजे नेमके शाळेच्या सहलीचे वय. पुढे तो कमी होत जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो जास्त होतो आणि अर्धशिशी असणाऱ्यांना आणखी जास्त. पण शरीराने मळमळच का निवडावी, हा प्रश्न मोठा गमतीदार आहे. १९७७ मध्ये मिशेल ट्रीझमन या शास्त्रज्ञाने एक तर्क मांडला: डोळे आणि कान यांचा ताळमेळ बिघडणे हे निसर्गात बहुधा विष पोटात गेल्याचे लक्षण असायचे, म्हणून मेंदू ‘जे खाल्ले ते बाहेर टाक’ असा हुकूम सोडतो. तर्क पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण धोत्रा खाऊन भोवंडलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला तो पटायला वेळ लागत नाही.

उपाय सोपे आहेत, फक्त एसटीतला उपाय इथे चालत नाही. बसमध्ये दूरवर क्षितिजाकडे पाहायचे असते. पडद्यावरच्या क्षितिजाकडे पाहिले तर त्रास वाढतो, कारण खोटे तेच आहे. इथे नजर पडद्यावरून काढून एखाद्या स्थिर वस्तूवर ठेवावी: पडद्याची कड, समोरचा दांडा, पुढच्या माणसाची पाठ. डोके मागच्या उशीला टेकवून ठेवावे. तरी नाही जमले तर डोळे मिटून घ्यावेत. खोटी साक्ष देणारा साक्षीदारच उठून गेला की मेंदूचा गोंधळ बराच कमी होतो. अगदी रिकाम्या पोटी बसू नये आणि भरल्या पोटीही बसू नये.

औषधांच्या बाबतीत मात्र घरोघरी एक गैरसमज आहे. उलटीवर म्हणून डॉक्टरांनी कधीतरी दिलेली ओंडॅनसेट्रॉनची गोळी पुष्कळ घरांत शिल्लक असते. पोट बिघडून होणाऱ्या उलट्यांवर ती चांगली. गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण उलटीचा हा रस्ता वेगळा आहे. प्रोमेथाझिनसारखी औषधे उपयोगी पडतात, पण ती तासभर आधी घ्यावी लागतात, आणि त्यांनी झोप येते. दोन वर्षांखालील मुलाला ती देऊ नयेत. मळमळ सुरू झाल्यावर गोळी गिळण्यात अर्थ उरत नाही, कारण तोवर पोटाने काम थांबवलेले असते.

राइडचा शरीराला कधी फायदाही होतो, हे एक विनोदी संशोधन सांगते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाची सिलिकॉनची प्रतिकृती बनवली, तिच्यात खरे मुतखडे ठेवले आणि ती पोतडीत घालून डिस्नेच्या ‘बिग थंडर माउंटन’ या रोलर कोस्टरवर फिरवली. मागच्या डब्यात बसवल्यावर सुमारे ६४ टक्के वेळा खडे पुढे सरकले, पुढच्या डब्यात सुमारे १७ टक्के वेळा. त्यांना २०१८ चा इग् नोबेल मिळाला. विदर्भाच्या उन्हाळ्यात मुतखड्याने लोळणाऱ्या रुग्णांनी यावरून खोपोलीचे तिकीट काढू नये. जास्त पाणी प्यायला तिकीट लागत नाही.

इथवरचे सगळे अर्ध्या तासात ओसरणारे. खरी काळजी हृदयाची आणि मेंदूची.

भीतीने अ‍ॅड्रिनालिन वाढते, नाडी धावते, रक्तदाब चढतो. भीती खोटी आहे हे मनाला माहीत असते, हृदयाला नसते. निरोगी हृदयाला मिनिटाला दीडशे ठोके काही जड नाहीत. जिना धावत चढणारा कोणीही तिथवर पोचतो. प्रश्न येतो आजार असून तो माहीत नसलेल्यांचा. फ्लोरिडात डिस्नेच्या एप्कॉट पार्कमध्ये २००३ मध्ये ‘मिशन: स्पेस’ ही अंतराळप्रवासाची राइड सुरू झाली. हीही पडद्यावरची सफर, पण हिच्यात केबिन खरोखर गोल फिरते. २००५ मध्ये एक चार वर्षांचा मुलगा ही राइड करताना दगावला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाचे स्नायू जन्मजात जाड असल्याचे आढळले. घरच्यांना याची कल्पना नव्हती. पुढच्या वर्षी ४९ वर्षांच्या एका महिलेचा राइडनंतर मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. तिला जुना उच्च रक्तदाब होता. दोन्ही वेळा यंत्रात दोष सापडला नाही. त्यानंतर पार्कने न फिरणारी सौम्य राइडही सुरू केली.

हृदयाचे स्नायू जाड होण्याचा हा आजार साधारण पाचशेत एकाला असतो. त्यामुळे घरात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, खेळताना किंवा दचकल्यावर मूल बेशुद्ध पडले असेल, तर राइड नंतर. आधी ईसीजी आणि सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी. उंचीची पट्टी पाहून मुलाला आत सोडतात, ती पट्टी पट्ट्याच्या मापासाठी असते. मुलाच्या हृदयाबद्दल ती काही सांगत नाही. मोठ्यांचे दुखणे वेगळेच. प्रवासात वारंवार लघवीला जावे लागते म्हणून रक्तदाबाची गोळी दोन दिवस बंद ठेवणारे लोक वर्धा जिल्ह्यात शेकड्यांनी सापडतील. तीच माणसे तिसऱ्या दिवशी नातवासोबत राइडच्या रांगेत उभी असतात.

आणि मग येते मिरगी. याबद्दल सर्वात कमी बोलले जाते, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल-निळ्या रंगांची उघडझाप सेकंदाला साधारण बारा वेळा झाली आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना फिट आली होती. त्या मुलांपैकी पुष्कळांना त्याआधी कधी फिट आलेली नव्हती. प्रकाशाच्या लुकलुकण्याने फिट येणारे रुग्ण मिरगीच्या एकूण रुग्णांत थोडेच, साधारण शंभरात तीन ते पाच. अशा व्यक्तीने लुकलुकाट सुरू झाल्यावर नुसते डोळे मिटणे पुरेसे नसते, कारण पापणीतून लाल प्रकाश आत जातच राहतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवावे.

बाकीच्या ९५ जणांचे काय? त्यांना पडद्यापेक्षा प्रवास घातक. सिंदी मेघेहून खोपोली सातशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गाने गेले तरी रात्रभराची बस. झोप नाही, जेवणाच्या वेळा चुकलेल्या, सकाळची गोळी बॅगेच्या तळाशी. आणि अपुरी झोप व चुकलेली गोळी ही फिट येण्याची सर्वात नेहमीची दोन कारणे आहेत. अशा अवस्थेत सकाळी दहा वाजता मुलगी राइडच्या रांगेत लागते.

ती तिथल्या कर्मचाऱ्याला ‘मला फिट येते’ असे सांगेल का? सोबत वर्गातल्या मैत्रिणी आहेत, बाई आहेत. घरून बजावलेले असते की हे कोणाला कळता कामा नये, उद्या स्थळ येईल तेव्हा हेच निघेल. या भीतीला कायद्यानेही पुष्कळ वर्षे खतपाणी घातले. हिंदू विवाह कायद्यात मिरगी हा विवाह रद्द ठरवून घेण्याच्या कारणांत धरलेला होता आणि तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने काढला गेला. कायदा बदलून पंचवीस वर्षे झाली. घरे मात्र अजून लपवतात, आणि त्या लपवण्याची किंमत सहलीत मुलगीच मोजते. औषध नियमित घेणाऱ्या आणि बराच काळ फिट न आलेल्या बहुतेक मुली सहलीला आनंदाने जाऊ शकतात. एका शिक्षिकेला माहीत असले, रात्री झोप झाली आणि गोळी वेळेवर मिळाली, की बरेचसे काम होते. कोणती राइड टाळायची, हे तिच्या डॉक्टरांना आधीच विचारता येते.

विदर्भातल्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही परदेशी पुस्तकातल्या राइडच्या सूचनांत सहसा नसते. आपल्याकडे सिकलसेलची मुले आहेत. इमॅजिकामध्ये राजासॉरस या भारतीय डायनासॉरच्या नावाची नावेची राइड आहे, आणि शेजारी वेगळा वॉटर पार्कही आहे. डायनासॉर पाहायला जायचे तर भिजणे आलेच. पण सिकलसेलच्या रुग्णाला (वाहकाला नव्हे) घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना एकदम थंड पाण्यात भिजणे महागात पडू शकते. हाडे-सांधे असह्य दुखण्याचा झटका त्यातून येतो. अशा मुलाने भरपूर पाणी पीत राहावे, भिजल्यास लगेच कपडे बदलावेत आणि थंड पाण्यात डुंबणे टाळावे. गरोदर स्त्रिया, मानेची किंवा डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झालेले लोक यांनी हिसके देणाऱ्या राइडपासून लांब राहावे, हे वेगळे सांगायला नको.

थीम पार्कवाल्यांच्या पाट्यांवर यांतले बरेच काही लिहिलेले असते. अडचण पाटीच्या जागेची असते. तासभर रांगेत उभे राहिल्यावर, मुलाचा हात हातात असताना, दारावरची बारीक अक्षरातली इंग्रजी सूचना वाचून कोणी मागे फिरत नाही. हीच सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, तिकीट खिडकीपाशी हवी. पैसे देण्याआधी. मॉलमध्ये आणि प्रदर्शनांत हलत्या खुर्च्यांची जी छोटी सिनेमाघरे लागतात, त्यांनाही हे लागू व्हावे. तिथे खुर्च्या तशाच हिसकतात.

राहता राहिला चालक. सहलीच्या गाडीचा चालक बहुतेक वेळा दिवसभर पार्किंगमध्ये थांबतो, पण स्वतःच्या कारने आलेल्या कुटुंबात तोच वडील राइडवरही बसतो आणि संध्याकाळी गाडीही चालवतो. सिम्युलेटरनंतर काहींना तासन्‌तास सुस्ती येते, तोल किंचित डळमळतो, वळणावर डोके हलके वाटते. मळमळ झाली नसली तरी सुस्ती येऊ शकते. लष्करात सिम्युलेटरचा त्रास झालेल्या वैमानिकाला लगेच विमान चालवू देत नाहीत, काही तास थांबवतात. खोपोलीहून परत निघाले की समोर बोरघाट असतो. ज्याला जांभया येत असतील, त्याने आधी सावलीत पाठ टेकवावी, तास-दीड तास पडून राहावे आणि किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्यावी.